बाजू झाकणारा चष्मा

सुईत दोरा ओवता येईना म्हणून शिवणकाम करणाऱ्या बाई चष्म्याच्या दुकानात येऊन बसल्या होत्या. त्यांच्या आधी काउंटरवर बाप-लेक उभे होते.

"नेमबाजीचा चष्मा हवाय. सहज न फुटणारा."

"हा घ्या, ताई. हातोडीनं ठोकून बघा हवं तर."

"ठीक आहे. आता बाजू झाकणारा एक दाखवा, बाबांसाठी."

"मला कशाला? गोळी तू झाडणार. मी आपला शेजारी उभा."

"उजव्या हाताला उभे असता. पिस्तुलातून रिकामं काडतूस तिकडेच उडतं."

"चार वर्षांत एक तरी लागलं का?"

"दिसणारा डोळा एकच उरलाय तुमचा."

"तुझा नेम बघायला तेवढा पुरतो. आणि हे घातलं तर सिनेमातला खलनायक दिसेन मी."

"बाबा, निवड चाचणीत शेवटच्या दोन गोळ्या हुकल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझं लक्ष नव्हतं."

"नव्हतंच."

"तुमच्याकडे होतं. चाप ओढायच्या आधी दरवेळी जातं."

बापानं काउंटरवरचा बाजू झाकणारा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. मग बापाचाच आवाज आला, दुकानदाराशी बोलताना.

"कानामागे टोचतोय हो हा. जरा सैल करून द्या, उद्या सकाळपासून घालायचाय."