खाणीची दुसरी धार

नाव चांगुणाबाई भ्र. सर्जेराव जंजाळ, वय अंदाजे ६५, धंदा म्हशी पाळून दूध विकणे, रा. भोकरदन, जि. औरंगाबाद. आज ता. ११ मार्च १९७४ रोजी ठाण्यात समक्ष येऊन सांगते ती हकीकत अशी.

माझा मुलगा बद्रीनाथ शाळामास्तर आहे. जालन्यात मस्तगडला राहणारे नरहरराव काल त्याच्याकडे आले. ते दक्षिणेतल्या एका सोन्याच्या खाणीचे शेअर विकतात. सोबत थैलीत खाणीतले दगड होते. त्यातला एक चमकत होता. मी गोठ्यात शेण काढून राह्यले होते, तेवढ्यात बद्रीने कणगीतल्या माझ्या पाटल्या शेअरपोटी त्यांना दिल्या. त्यांनी त्या कोटाच्या खिशात घातल्या. पाटल्या मी घालत नाही. मालक गेल्यापासून त्या कणगीत असतात. त्याबद्दल आणखी सांगणे नाही.

बाहेर आल्यावर मी नरहररावांना विचारले, "खाण तुमची, सोनं तिच्यात, मंग माझ्या पाटल्या कशाला?" ते म्हणाले, खोदायला खर्चा लागतो, वर्षात चौपट मिळेल. मी म्हटले, म्हैस घेणारा आधी स्वतः धार काढून बघतो, तशी खाणही बघू.

त्यांनी चमकता दगड दिला. मी तो उखळात कुटून परातीत धुतला. तळाला मोहरीएवढा पिवळा कण राहिला.

बद्री म्हणाला, "आता तरी पटलं का, माय?"

मी म्हटले, "पहिली धार विकणाऱ्याची असती, बाबा. बाजाराच्या आदल्या दिशी म्हैस पिळीत न्हाईत, कास फुगवून आणतेत. दुसरी धार काढू."

थैलीतले आणखी तीन दगड मी माझ्या हाताने निवडून कुटले. काही निघाले नाही. नरहरराव म्हणाले, खाणीत सोने सगळीकडे सारखे नसते. त्यांच्या छापील कागदात मात्र सगळ्या डोंगराचा अंदाज त्या चमकत्या दगडावरून धरला होता. तो कागद बद्रीच वाचून दाखवत होता. वाचता वाचता त्याने तो घडी घालून नरहररावांपुढे ठेवला.

मी म्हटले, "एका थानाला दूध, तीन आटलेली, अन् भाव चारींचा?"

परत मागितल्या तरी नरहरराव पाटल्या देईनात, म्हणून दगडांची थैली मी गोठ्यात म्हशीमागे ठेवली. ज्यांच्याकडे अख्खा डोंगर आहे ते एका थैलीसाठी एवढे का तळमळले, मला माहीत नाही. म्हैस लाथाळ आहे हे मी आधी सांगितले होते. तरी ते आत गेले. त्यांच्या गुडघ्याला लागले ते म्हशीचे. तिचा जबाब पाहिजे तर घ्यावा. मी मारले अशी त्यांची फिर्याद आहे, पण त्यांना मी मारलेले नाही.

ठाण्यात खाणीची विचारपूस निघताच नरहररावांनी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

जबाब लिहून घेणारे जमादार अण्णासाहेब यांनी मला दोन वेळा विचारले की निवडलेल्या दगडांत बिलकुल काही नव्हते का. त्यांनी किती शेअर घेतले आहेत ते मी विचारले नाही.

जबाब मला वाचून दाखवला. वरचे जमादारांचे बोलणे त्यात गाळले होते, ते घालायला लावले. आता मी सांगितले तसे बराबर आहे. पाटल्या पदराला बांधल्या, मंग अंगठा दिला.