गुडघ्यावरचा डाग

बीडच्या दवाखान्यात तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन मी बसले होते. शेजारी गेवराईकडची मंजुळाबाई भाच्याला पोलिसांच्या फुटबॉल संघाच्या निवडीसाठी हैदराबादेला नेऊन परतलेल्या धाकट्या भावाला खोदून विचारत होती. कॉलेजात फुटबॉल खेळणारा तिचा मुलगा शहादेव आत पाय दाखवायला गेला होता.

“पोलिसांच्या टीमीत घेतलं न्हाई ते कावून?”

“गुडघ्यापायी, अक्का.”

“पळला न्हाई का नीट?”

“लई पळला. गोल मारला तवा साहेबानं टाळ्या वाजवल्या. मंग जवळ बोलवून पाय बघितला.”

“सूज तर उतरलती.”

“सूज न्हाई, सळई तापवून तू दिलेला डाग बघितला. साहेब आपल्याच मुलखातला. म्हणला, माय उगाच डाग देत न्हाई, हे दुखणं जुनं हाय.”

“बरं वाटावं म्हणून दिला रं मी.”

“ठावं हाय, अक्का.”

“जलमाची नौकरी व्हती. पुढल्या साली परत बघतील का?”

“डाग काय साली दोन साली जातो व्हय?”

तिनं माझ्या लेकीच्या कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळली.

“बाई, लेकरू लई तापलंय. डाग दिला का?”

“नाही.”

“द्या. पर झाकल्या जागी द्या.”