साहेबांनी धरलेली नाडी

अगं, निजामाच्या अमलात मी दवाखान्यात नर्स व्हते, तवा आमचे डॉक्टरसाहेब रोग्यांशी लई गोड बोलायचे अन् आमच्यावर खेकसायचे. त्यांचे बूट वाजले की माझे हात कापायचे. एकदा बूट वाजले अन् चकलांब्याच्या धनगराच्या म्हातारीचं औषध माझ्या हातून सांडलं.

म्हातारी खाटेवरून उठलीच. "पोरी, माज्या जागी नीज. रोग्यावर ते वरडत न्हाईत."

मी तोंडावर घोंगडी ओढून पडले अन् म्हातारी खाटेमागं उभी राहिली. साहेबांनी नाडी धरली. "फार पळतेय. कसली भीती वाटते, आजी?"

"तुमची, साहेब," मी घोंगडीतूनच म्हणाले.

आवाज ओळखून त्यांनी नाडी सोडली. मग हळूच म्हणाले, "बाई, उठा आता. आजी कधीच्या उभ्या आहेत."

एरवी ते मला नुसतं 'ए' म्हणायचे. मी उठून पुन्हा औषध ओतलं. साहेब शेजारीच उभे व्हते, पण हात कापला न्हाई.