निकोलासाची टोपली

बायको निकोलासा वारली, म्हणून तिची गोष्टींच्या पुस्तकांची टोपली शहरातल्या वाचनालयात परत करायला यूसेबियो होडीची वाट बघत धक्क्यावर बसला होता. पलीकडच्या काठावरून आलेल्या दोघी शेजारीच पायांचा चिखल धूत होत्या.

“शनिवारी पोरांना गोष्ट कोण वाचून दाखवणार आता?”

“मी.”

“तू? यादीरा, तुला सहीसुद्धा येत नव्हती.”

“नव्हती येत. पण निकोलासाबाई म्हणायच्या, आईसुद्धा वाचायला बसली तरच पुस्तक घरी न्यायला मिळेल. मग बसले पोरीबरोबर.”

“थापा मारू नकोस.”

“काल कासवाची गोष्ट वाचून दाखवली तिला. चित्रं बघून रचलेली नाही, अक्षरं लावून. अडखळले की म्हणायची, आई, परत वाच. शेवटपर्यंत वाचली.”

“मग?”

“म्हणते, आता दुसरी. म्हणून तर बाईंच्या घरी निघालेय पुस्तकं मागायला.”

“नवरा खडूस आहे म्हणे त्यांचा.”

“असू दे. वाचून दाखवल्याशिवाय त्याच्या दारातून हलणार नाही मी.”

शहराची होडी लागली. यूसेबियो उठला आणि त्यानं टोपली यादीरासमोर ठेवली.

“खडूस आहे खरा,” तो म्हणाला. “दाखव वाचून.”

होडी निघून गेली, तरी ती वाचतच होती.