जस्टिनच्या गुडघ्याची साक्ष

...आणि वर मलाच म्हणतात, जोसेफभाऊ, तुम्ही त्या रविवारी गप्प बसला असता तर! अरे, गप्पच तर बसलो होतो! तुम्हाला सांगतो, त्या रंगनाथच्या सलूनमध्ये महिनाभर मी जेवढा गप्प बसलो ना, तेवढं त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा बसत नाही, पंखा लावला की ते तरी फडफडतं. मी नाही. मी गप्प.

आता तुम्ही म्हणाल, दाढी करायला गेलेल्या माणसाने बोलायचं तरी काय? तर ऐका. आमच्या नगरला, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, पाट्या बदलल्या पण जीभ अजून जुन्याच पाटीवर चाललीय, तर आमच्या नगरला मिशन कंपाउंडच्या मागे बास्केटबॉलचं मैदान आहे. मी तिथल्या शाळेत शिपाई. तीस वर्षं त्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या, जाळ्या बांधल्या, पावसाळ्यात पाणी उपसलं. आता रिटायर. आमच्याकडे क्रिकेट नंतर, आधी बास्केटबॉल. त्यामुळे पुण्याची ती पगारी खेळाडूंची टीम आहे ना, भीमा ब्लेझर्स, ती हरली की आमच्या आळीत दोन घरांत भाजी खारट होते. आणि यंदा झालं काय, ऐन मोसमाच्या तोंडावर त्यांच्या बदली फॉरवर्डचा खांदा निखळला.

बदली फॉरवर्ड म्हणजे कोण? तर मुख्य फॉरवर्ड दमला की याने आत जायचं, पाच मिनिटं जीव खाऊन पळायचं, चार कोपरं खायची आणि परत बाकावर टॉवेल घेऊन बसायचं. झालं. एवढ्यासाठी, तुम्हाला सांगतो, सलूनमध्ये महिनाभर नुसता बाजार! जागा एक, नावं दोन. एक तो पंजाबचा, सहा फूट नऊ इंच. आणि दुसरा आमचा जस्टिन. आमचा म्हणजे माझा. माझा मुलगा.

तर रंगनाथ मूळचा घोडेगावचा. म्हशींच्या बाजारात लहानाचा मोठा झालेला माणूस, तो खेळाडूकडेसुद्धा तसंच बघतो. माझ्या गळ्यावर वस्तरा, आणि बोलतोय कुणाबद्दल, तर माझ्याच पोराबद्दल! 'जोसेफभाऊ, वाईट वाटून घिऊ नगा, पर तुमचं पोरगं अठ्ठावीसचं झालं. तो पंजाबी बगा, काय हाडपेर हाय! जनावर घेताना उंची बगायची, पाय बगायचा, मंग समदं. खरं का न्हाई?' आता गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय मान हलवणार? मी गप्प.

दुसऱ्या बाजूला सम्राट. पॉलिटेक्निकला क्लार्क आहे, गुणी पोरगा, जस्टिनबरोबर खेळलेला. त्याच्या मोबाईलमध्ये जस्टिनचं सगळं लिहिलेलं. किती मिनिटं खेळला, किती रिबाउंड काढले, कुणाला किती पास दिले. तो म्हणायचा, रंगनाथमामा, उंची काय चाटायचीय, त्या पंजाब्याला खाली पडलेला बॉल उचलायला वाकावं लागतं तोवर जस्टिन पलीकडे जाऊन बास्केट करून येतो. मग रंगनाथ वस्तरा हवेत धरून त्याच्याशी भांडायचा, अर्धी दाढी झालेला मी खुर्चीत तसाच. आणि सम्राट दर वेळी शेवटी माझ्याकडे वळून म्हणायचा, 'काका, तुम्ही बोला ना काहीतरी. तुमच्याइतकं त्याला कुणी पाहिलंय?'

मी काय बोलणार? स्वतःच्या पोराची जाहिरात स्वतः करायची? आमच्या वडिलांनी आम्हाला कधी बरं म्हटलं नाही, आम्ही पोराला म्हटलं नाही. पोराला समोर चांगलं म्हटलं की पोर बिघडतं, असं आमच्याकडे समजतात. तर मी गप्प.

पण पोराने काम केलं! पुण्याला चाचणी दिली, कोचला आवडला, कोचने तोंडी सांगितलं, सोमवारी या, सही करू. अठ्ठाविसाव्या वर्षी, बघा तुम्ही. इतकी वर्षं तासावर शिकवत, उसन्या बुटांवर खेळत काढली त्याने. पुढच्या वर्षी कोण विचारणार होतं? हीच एक सही. घरात कुणी मोठ्याने श्वास घेईना, सोमवार बिचकून पळेल म्हणून.

आता गुडघ्याचं. जानेवारीत कर्जतला स्पर्धा होती, तिथे जस्टिन पडला, गुडघा सुजला. डॉक्टरांनी बघितलं, फोटो काढला, म्हणाले, नस ताणलीय, तुटलेली नाही, सहा आठवडे आराम. बस. मार्चमध्ये पोरगा पळायला लागला. पण तेव्हाच जस्टिनने मला बजावलं होतं, 'पप्पा, कुणाला बोलायचं नाही. आणि प्रार्थनेत तर अजिबात नको.' कारण तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे एखादी गोष्ट प्रार्थनेच्या विनंतीत गेली की ती देवाआधी राहात्यापर्यंत पोचते. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडून नाही. आणि नाहीच बोललो! सात महिने!

पण आमची मरिया! तिने परस्पर देवाला वचन देऊन ठेवलेलं, की माझ्या पोराचा गुडघा बरा होऊ दे, चर्चमध्ये उभं राहून साक्ष देऊ, म्हणजे देवाने काय उपकार केला ते सगळ्यांपुढे सांगू. वचन हिने दिलं, साक्ष द्यायची मी! म्हणाली, मला बायकांच्या बाजूला उभं राहून बोलताना घाम फुटतो. अगं, मग मला काय गुलाबपाणी फुटतं? तर रविवारी सकाळी सुरू झाली, उद्या सही, आज साक्ष दिली नाही तर देवाला काय वाटेल, काम झालं आणि फिरवली पाठ? पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का, आणि हिने पलीकडच्या बाकावरून असं बघितलं माझ्याकडे, की मी उठलो.

आता साक्षीचं एक असतं. साक्षीत कुणाला साधा ताप येत नाही. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. हात टेकले नाहीत तर मंडळींनी आमेन कशाला म्हणायचं? उपकार मोठा दाखवायचा तर दुखणं मोठं पाहिजे, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब, त्यात कुणाला खोटं वाटत नाही. मी म्हटलं, गुडघा लिंबाएवढा सुजला होता. सगळे शांत. एक बाई तर हातातला पंखा हलवत बाहेर बघायला लागली. मी म्हटलं, मोसंब्याएवढा. दोन आमेन आले. आणि मग, काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा लोक माझं ऐकत होते हो... मी म्हटलं, नारळाएवढा! अख्खं चर्च म्हणालं, आमेन! मग मला कोण आवरतंय? गुडघ्याची वाटी झिजली म्हटलं, डॉक्टर म्हणाले हा पोरगा परत कधी पळणार नाही म्हटलं, आणि बघा, म्हटलं, उद्या तो भीमा ब्लेझर्समध्ये सही करतोय!

आणि मग तिथेच बसायचं ना? नाही बसलो. पुढे काय काय बोलत गेलो. की हा पोरगा सहा वर्षांचा असताना माझ्याबरोबर फक्कीची पाटी उचलायला यायचा. की पांढऱ्या रेघेवर चुकूनसुद्धा पाय द्यायचा नाही, पप्पांनी मारलीय म्हणून. की इतक्या वेळा त्याला नको म्हटलं लोकांनी, पण घरी येऊन एका शब्दाने कुणाला वाईट बोलला नाही. की असा पोरगा मिळावा अशी माझी लायकी नव्हती. रडलो हो मी. अकरा मिनिटं. पाळकांनी दोनदा घड्याळ बघितलं.

घड्याळ मला दिसलं. मोबाईल नाही दिसला. लॉकडाऊनपासून तरुण संघाची पोरं दर रविवारी उपासना थेट दाखवतात, स्टँडला मोबाईल लावून, हे मला माहीत होतं, पण उभं राहिल्यावर डोक्यात राहतंय का? दुपारी तो व्हिडिओ सम्राटने बघितला. त्याला आनंद झाला. खरोखर आनंद झाला, त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने तो टीमच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, वडिलांनीच सांगितलंय, गुडघा पूर्ण बरा आहे, आता तरी जस्टिनला घ्या. ग्रुपमध्ये किती माणसं? चार हजार. आणि पहिलं उत्तर कुणाचं? रंगनाथचं. 'म्हंजी पाय गेल्ता व्हय ह्याचा?'

सोमवारी सकाळी जस्टिन बॅग भरून निघाला होता. टीमच्या मॅनेजरचा फोन आला, तो ऐकत राहिला, आणि मग फोन माझ्या हातात दिला. मॅनेजर चांगला माणूस, पुण्याचाच, शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, 'काका, डॉक्टरांचा रिपोर्ट चांगला आहे. पण बाप म्हणतोय वाटी झिजलीय. मालकांना मी काय सांगू, रिपोर्ट खोटा का बाप खोटा?' मग म्हणाला, एक करा, संध्याकाळी पाचपर्यंत एक छोटा व्हिडिओ पाठवा, की मी जे बोललो ते खोटं होतं. मी बघतो.

मी पाळकांकडे गेलो. ते म्हणाले, भाऊ, तुमचं तुम्ही बघा, पण एक करा, कंपाउंडमध्ये नका काढू व्हिडिओ. मरिया म्हणाली, 'खोटं तुम्ही बोललात, देव नाही बोलला. जाऊन सांगा.' बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. म्हणून गेलो सलूनमध्ये, कारण उजेड तिथे चांगला, आरशाला बल्ब आहेत. रंगनाथने गिऱ्हाईक उठवलं, मला खुर्चीत बसवलं, माझे केस नीट केले, बिचाऱ्याला कानकोंडं झालं होतं. जस्टिन दाराशी उभा. सम्राटने मोबाईल धरला, म्हणाला, काका, एवढंच म्हणा, मी चर्चमध्ये सांगितलं ते सगळं खोटं होतं.

सगळं?

नारळ खोटा. वाटी खोटी. डॉक्टर खोटे. कबूल, देवाच्या घरात खोटं बोललो, भोगीन. पण तो पाटी उचलायचा, ते? त्या रेघेवर पाय द्यायचा नाही, ते? माझी लायकी नव्हती, ते? तेही खोटं म्हणू? पोरगा समोर उभा असताना? मला म्हणायचं होतं, बाबांनो, अर्धं खोटं, अर्धं खरं, थांबा जरा, वेगळं करून सांगतो. पण ते जिभेवर येईना. सम्राट म्हणतोय, बोला काका. रंगनाथ म्हणतोय, भाऊ, बोला की. तोंड उघडलं मी. दोनदा उघडलं. आणि तुम्हाला सांगतो, एक मिनिट चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आहे तो, त्यात पंख्याचा आवाज आहे, बाहेरच्या रिक्षाचा आवाज आहे, माझा नाही. मी गप्प.

सम्राटने पुन्हा काढू म्हटलं. पुन्हा काढला. पुन्हा तेच. पाच वाजून गेले. सहाला टीमच्या पानावर त्या पंजाब्याचा फोटो आला, गळ्यात हार, हातात जर्सी. रंगनाथने तो बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला. जिंकला होता ना तो? एवढा महिनाभर भांडला त्या पंजाब्यासाठी! पण त्या दिवशी त्याने माझ्याकडून दाढीचे पैसे घेतले नाहीत, आणि दाढी तर मी केलीच नव्हती.

जस्टिन आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. जेवायचा, ताट उचलायचा, मैदानावर जायचा. मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं. परवा दुपारी मी ओट्यावर बसलो होतो तर येऊन शेजारी बसला. हातात मोबाईल. साक्षीचा व्हिडिओ, तोच, अकरा मिनिटांचा. शेवटपर्यंत बघितला त्याने, माझ्या रडण्यासकट. मग म्हणाला,

'पप्पा, गुडघ्याचं जाऊ द्या. पण ते पुढचं सगळं... ते मला कधी का नाही सांगितलं?'

आता बोला. काय सांगू त्याला? इथे तुमच्यापुढे बघा कसा घडाघडा बोलतोय मी, शेजारची चार पोरंसुद्धा ऐकत बसलीत. सगळं अगदी ओठांपर्यंत आलं होतं हो. पोरगा माझ्या तोंडाकडे बघत बसला, मी पायातल्या चपलेकडे. मी गप्प.

मग बिचाऱ्याने व्हिडिओ मागे नेऊन परत लावला.