ऑप्शनला टाकलेला धातू

शनिवार पेठेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात रांग हलत नव्हती. माझ्या मागे एक निवृत्त सर आणि गळ्यात कंपनीचं कार्ड असलेली त्यांची जुनी विद्यार्थिनी उभी होती.

"फोनला काय झालं, वल्लरी?"

"हिंजवडीच्या बसमध्ये पडला, सर. टच चालत नाही."

"मग काचेवरचा थर गेला असेल. इंडियमच्या ऑक्साइडचा असतो. त्यातून वीजही जाते आणि आरपारही दिसतं."

"इंडियम म्हणजे?"

"धातू. इतका मऊ, की साध्या चाकूने कापता येतो. कागदावर ओढला तर रेघ उमटते, वाकवला तर कुरकुरतो. जस्त शुद्ध करताना जो गाळ उरतो, त्यातून काढतात."

"हे तुम्ही वर्गात कधीच सांगितलं नाहीत."

"परीक्षेला येत नव्हतं. एकतीस वर्षं मीच ते पान ऑप्शनला टाकायला सांगायचो."

"आठवतंय. मी पेन्सिलीने फुली मारली होती. बारावीनंतर केमिस्ट्रीच सोडली."

"का?"

"त्यात बघण्यासारखं काही असेल, असं वाटलंच नाही."

"हं."

"मग आज का सांगितलंत, सर?"

"आज परीक्षा नाही."