काळविटापुढचं मोकळं रान

"कात्री खाली ठेवा, दत्तरावकाका! माझा फोटू कापायचा न्हाई!"

"लेका बन्सी, काळवीट एका कडंला अन् बाकी सगळं रिकामं रान! स्पर्धेत कोण इचारील ह्याला?"

पाथरीच्या त्या स्टुडिओत अर्जाचा फोटो काढायला बसलेल्या सरजाबाईनं मान वळवली.

"त्याची नजर जिकडं हाय, तिकडं जागा सोडलीय मी. मुद्दाम!"

"नवरदेवाला कुणी कडंला उभं करतं का? अन् कान बी एकच दिसायलाय."

"मग काय अर्जावर चिकटवायचाय का त्याला? झरीच्या रानात तीन दिवस पालथा पडलो, तवा ह्यो फोटू घावला."

"पंधरा वर्सं झाली मला ह्या धंद्यात."

"माणसं बसवण्यात!"

"दोनच बोटं कापतो."

"एक तसूबी न्हाई!"

सरजाबाईला ऱ्हावलं न्हाई. तिनं उठून फोटो हातात घेतला, अन् मोकळ्या रानावर बोट आपटलं.

"अगं बया! हाकला की मुडद्याला! हितनं सुटलं तर सरळ माझ्या हरभऱ्यात शिरतंय!"

दत्तरावांनी कात्री खाली ठेवली.

बन्सीनं हात पुढं केला. "द्या इकडं, मावशी. आज स्पर्धेत फोटू द्यायचा शेवटचा दिवस हाय अन् परभणीची गाडी लागलीय. निघतो मी."